कडी आतून असावी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, धंद्याने दारं बनवणारा सुतार, वय एकोणऐंशी, विधुर, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाला, दबावाला किंवा गोड बोलण्याला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहीत आहे. डॉक्टरांनी छाती तपासून दाखला दिला आहे. डोकं तपासायची गरज त्यांना वाटली नाही, ती माझ्या मुलाला वाटते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझी मिळकत स्वकष्टाची असून तिच्यावर कोणाचा बोजा नाही. वकीलबाई म्हणतात, थोडक्यात लिहा. पण मरायचं मला एकदाच आहे, तेव्हा जरा ऐसपैस लिहितो.

कलम १. राहते घर सून आणि मुलगा यांना निम्मे-निम्मे द्यावे. सुनेचा उल्लेख कागदावर आधी यावा. घरावर एक अट आहे, ती कलम ४ मध्ये सांगतो.

कलम २. हत्यारं सगळी सुनेला. सूनबाई, माझी पटाशी गुपचूप नेऊन तू खुर्चीचा पाय बसवलास, ते मला त्याच दिवशी कळलं होतं. पटाशी परत आली ती माझ्यापेक्षा चांगली धार लावून! मुलगाही लहानपणी माझ्याच हाताखाली शिकला. हात चांगला होता, पुढे कचेरीत रमला.

यातून मोठा रंधा तेवढा वगळावा. तो माझ्या मेव्हण्याला द्यावा. माझा छोटा रंधा त्याने माझ्या लग्नाच्या वर्षी नेला, तो आजतागायत परत केलेला नाही. वर चारचौघांत सांगतो की तो त्याचाच आहे. त्याला माझ्या घरातला खिळासुद्धा द्यायचा नाही असं मी ठरवून बसलो होतो. विचार का बदलला, ते पुढच्या कलमात येईल.

कलम ३. कारखाना, म्हणजे रस्त्याकडेची ती लांबोडकी खोली, शनिवारच्या मुलांना. देखभाल शिक्षिकाबाईंनी करावी.

या बाई शाळेत शिकवतात. शाळा सुटल्यावर वर्ग मिळेना म्हणून एका शनिवारी मोठ्या मुलामुलींना घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "काका, तुम्ही तुमचं ठोकत राहा, आम्ही कोपऱ्यात बसतो." माझी नातही त्यात होती. बाईंच्या हातात माणसाच्या हक्कांवरचं पातळसं पुस्तक होतं. मी एका कानाने ऐकत होतो. जवळजवळ प्रत्येक वाक्य 'प्रत्येक' या शब्दाने सुरू व्हायचं. प्रत्येकाला जगण्याचा हक्क, प्रत्येकाला बोलण्याचा हक्क. शेवटी मला राहवेना. विचारलं, "बाई, प्रत्येक म्हणजे माझा मेव्हणा पण?"

पोरं खो खो हसली. बाई हसल्या नाहीत. "हो काका, तुमचा मेव्हणा पण." म्हणून तो मोठा रंधा.

मग माझ्या नातीने विचारलं, "पण हे हक्क देतं कोण? सरकार?" घरात तिला आम्ही काबाई म्हणतो, कारण बोलायला लागल्यापासून तिचा पहिला शब्द 'का'.

बाई म्हणाल्या, "कोणीच देत नाही. माणूस जन्माला येतो तेव्हा ते त्याच्याजवळ असतातच. सरकारचं काम ते सांभाळायचं."

माझ्या हातातली करवत थांबली. मी जन्मभर साहेबलोकांच्या घरांना दारं-खिडक्या बसवल्या. चपला बाहेर काढून उभं राहायचं, आतून हाक आली की जायचं. मला वाटायचं, जगात जे काही मिळतं ते असंच, कोणीतरी आतून 'ये' म्हटल्यावर. आणि इथे बाई सांगताहेत की ते आधीपासून माझ्या अंगावर आहे! त्या संध्याकाळी घरी येताना मी येड्यासारखा माणसांकडे बघत होतो. भाजीवाली, पत्रा ठोकणारा, नळावर तावातावाने भांडणाऱ्या दोघी, पायरीवर पडलेला तो दारुडा. एवढं मोठं काहीतरी प्रत्येकाजवळ, आणि कोणाला पत्ताच नाही. अंगावर सर्रकन काटा आला. तो काटा अजून पुरता गेलेला नाही, आणि जाऊही नये.

पुढच्या शनिवारी मी पोरांपुढे दोन दारं उभी केली. एकाला कडी आतून, दुसऱ्याला बाहेरून. म्हटलं, "मला पुस्तकातलं कळत नाही, दारातलं कळतं. कडी आतून असेल तर ती खोली तुमची. बाहेरून असेल तर तुम्ही दुसऱ्याच्या हातात." मी चौकीतल्या कोठडीचंही दार केलं आहे, तेही सांगितलं. तेव्हा बाई म्हणाल्या, "त्या दाराआड कोणाला ठेवलं तरी का ठेवलं ते त्याला सांगावं लागतं. आणि न्यायाधीशापुढे उभंही करावं लागतं."

"चोराला पण?" काबाईने विचारलं.

"चोराला पण."

माझ्या हातच्या दारामागे एवढी मोठी गोष्ट उभी होती आणि मी नुसत्या बिजागऱ्या बघत बसलो होतो.

कलम ४. घराची अट. या घरात ज्या खोलीत माणूस झोपतं, त्या खोलीला बाहेरून कडी लावू नये. माझ्या हयातीत नाही, नंतरही नाही.

कारण लिहून ठेवतो. काबाईने परगावी जाऊन कायदा शिकायचं काढलं. माझ्या मुलाने नको म्हटलं. ती हटून बसली. तर परवा यानं बाजारातून कडीकोयंडा आणला आणि तिच्या खोलीला बाहेरून ठोकला. म्हणे, डोकं ठिकाणावर येईपर्यंत. कडी इतकी सुबक बसवली होती की बघतच राहावं. शिकवलं मीच ना!

मला वाटलं, पोरगी आता दार बडवेल, रडेल, घर डोक्यावर घेईल. तसं काही झालं नाही. आतून शांत आवाज आला, "बाबा, मला आत का ठेवलंय, ते सांगाल का? कोठडीतल्याला पण सांगतात."

मुलगा म्हणाला, "मी सांगतो म्हणून."

"हे कारण झालं का?"

सतरा वर्षांची पोर, बंद दारामागे, आणि आवाजात एवढासाही कंप नाही. मला वाटलं दार तिच्या बाजूने उघडंच आहे, कोंडलेलं कोणी असेल तर आम्ही बाहेरचे. सुनेने माझ्या हातात पेचकस दिला. मी कडी काढली.

माझा मुलगा वाईट नाही. त्याला भीती वाटते. लेक दूर गेली की काय होईल, या विचाराने तो रात्र रात्र जागतो. पण भीती त्याची आणि कडी तिच्या दाराला, हे चालणार नाही.

कलम ५. बँकेतली शिल्लक काबाईच्या शिक्षणासाठी. कमी पडल्यास कारखान्यातलं सागवान विकावं. कुठे शिकायचं आणि काय, हे तिने ठरवावं. आजोबांनी सांगितलं म्हणूनसुद्धा नव्हे.

कलम ६. ती काढलेली कडी मुलाला. माझ्या टेबलावर, डाव्या हाताला ठेवली आहे. दुसरं काही देऊन त्याला शहाणं करणं मला जमलं नाही.

पुरवणी, सही करण्यापूर्वी. कलम ६ रद्द. कडी टेबलावर नाही.

आज सकाळी वर ठोकाठोक ऐकू आली. जीव घाबरा झाला, पुन्हा तेच की काय! जिना चढून गेलो. मुलाने तीच कडी काबाईच्या खोलीला आतल्या बाजूने बसवली होती. मी हात फिरवून पाहिलं, एकही स्क्रू वाकडा नाही. मग तो बाहेर आला, दार ओढून घेतलं, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला. माझा मुलगा तिथेच उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने बोटाने दार वाजवलं.

आतून विचारलं, "कोण?"

"मी, बाबा. आत येऊ का?"

एकोणऐंशी वर्षांत शेकडो दारं बसवली. एवढं सुंदर दार मी पाहिलं नव्हतं. तिने उघडलं की नाही ते मी बघायला थांबलो नाही. ते तिचं तिने ठरवायचं.

ठिकाण: माझा कारखाना, रस्त्याकडचं दार उघडं.
दिनांक: कडी फिरली त्याच दिवशी, दुपारी.

सही: दारवाला सुतार

साक्षीदार: शेजारचे घड्याळजी. मजकूर ऐकला, सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार: वकीलबाई. थोडक्यात लिहा असं मी म्हटलं होतं, ते मागे घेते. दार उघडं होतं, तरी वाजवून आत आले.