दुपट्यावरचं नाव

सौभाग्यवतीस, दुरूनच सप्रेम हाक.

बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. माझा गुडघाही गप्प आहे. तुझा खोकला गेला का?

शाळेतल्या कवितेतलं ते नाव आपण मुलीसाठी जपून ठेवलं होतं. मुलगी झाली नाही, आता नात झाली. पण इथे परदेशात त्याच नावाचं संडास धुण्याचं औषध मिळतं गं! नर्सने हसत बाटलीच दाखवली. मुलगा म्हणाला, "शाळेत पोरं चिडवतील." मग मीच म्हटलं, दुसरं शोधा.

तू दुपट्यावर ते नाव टाक्यांनी भरलंस, हेही मी सांगून टाकलं. सूनबाई म्हणाली, "आईंना उसवायला लावू नका, बाबा. बाळाला अजून वाचता कुठे येतंय?"

तेव्हा दुपटं तसंच पाठव. कविता मी नातीला रोज म्हणून दाखवतो. त्या नावापाशी आलं की ती डोळे मिटते.

तुझाच,
कविराज