खडपाचं पान

३ नोव्हेंबर, सोमवार
विकी बंद होणार. ज्यांच्या सर्व्हरवर ती फुकट चालायची त्यांची मेल आली – महिनाअखेरपर्यंत तुमचं तुम्ही हलवा. आमच्या कोळीवाड्याची विकी, सगळ्यांनी मिळून लिहिलेली! मासे, जाळी, वारे, पाण्याखालची खडपं, म्हणजे खडक. निम्मं तरी बाबांनी सांगितलेलं.

ऑफिसचं काम उरकून थोडं थोडं गिट नावाच्या प्रणालीत हलवते. तिथे कोणी काय बदललं ते नावासकट राहतं. आणि बदल आधी विचारणा म्हणून येतो – पान ज्याचं, तो हो म्हणाला तरच चढतो.

५ नोव्हेंबर
माशांची पानं झाली. जिताडा दोनदा आला, बोंबलाचा फोटो गायब.

८ नोव्हेंबर
खडपाचं पान आलं आणि हात थांबला.

तीन वर्षांपूर्वी ह्याच पानावरच्या किनाऱ्याच्या खुणा धरून शेजारच्या भागोजीकाकांची पोरं मासेमारीला गेली. जाळं खडपात अडकून फाटलं. पानावर नाव बाबांचं – धर्माजी तांडेल. अख्खं बंदर त्यांना बोललं. बाबा म्हणाले, "मी असं सांगितलंच न्हाय. कमलेशनं बदललं." कमलेश माझा आतेभाऊ, खाडीपलीकडे दिघीला राहतो. तोही तेव्हा विकीत लिहायचा. सोनूआत्या एवढंच म्हणाली, "माझ्या पोराला खोटा ठरवलास, दादा." तेव्हापासून बोलणं बंद. आगरदांड्याहून दिघीला फेरीबोट रोज जाते. आमच्या घरचं कोणी तीत बसत नाही.

९ नोव्हेंबर
बाबा शेजारी येऊन बसले. "आता निघंल ना, कोणी बदललं ते?"

सगळं उपसून पाहिलं. जुनी विकी पानाचं फक्त शेवटचं रूप ठेवायची. आधीचं काहीच नाही. तसं सांगितलं.

बाबा म्हणाले, "म्हंजे त्यानं केलं, असं मला म्हणता येत न्हाय."

चहा तसाच ठेवून उठले.

१२ नोव्हेंबर
नवी विकी सुरू झाली. सगळ्यांना लिंक पाठवली. कमलेशलाही. बाबांना विचारलं नाही.

१५ नोव्हेंबर
पहिली विचारणा आली – कमलेशची! तीही खडपाच्याच पानावर. "खुणेचा उंच माड वादळात पडला. नवीन पोरं भलताच माड धरतात. आता डोंगरावरचा टॉवर आणि देवळाचा कळस एका रेषेत आले की खडप जवळ आलं समजावं. स्वतः जाऊन बघितलंय."

बाबांना वाचून दाखवलं. वाटलं, भडकतील.

"नाव लिवलंय त्यानं?"

"हो. पूर्ण."

"राहू दे तसंच. आधी बघून येतो."

१६ नोव्हेंबर
वारा. होड्या किनाऱ्यालाच. बाबा दिवसभर दारात उभे.

१७ नोव्हेंबर
आज गेले. दुपारी आले, पाय धुतले आणि ओल्या हातांनीच माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"पोराचं बरोबर हाय. कुठं दाबायचं?"

दाखवलं. त्यांनी स्वतः दाबलं. पान बदललं. खाली दोघांची नावं आली – आधी धर्माजी, मग कमलेश. बाबांनी ती मला मोठ्याने वाचायला लावली.

१८ नोव्हेंबर
सकाळी उठले तर बाबा घरात नाहीत. दुपारी त्यांचा फोन आला, मागे आत्याचा आवाज. बाबा म्हणाले, "जेवायला थांबू नको, शिवानी. दिघीला हाय. आणि उद्यापास्नं कमलेश आपल्या होडीवर येतोय."