झाडाला टांगलेलं गाडगं

१२ एप्रिल, शनिवार
आण्णांना जाऊन तीन आठवडे. मी हितंच, परदेशात धरणाच्या कामावर. दत्तूदादानं फोटो पाठवला. वस्तीवरच्या लिंबाला गाडगं टांगलंय, तोंडाला फडकं. खाली शेळी उभी. आमचा सहा फुटी बा एवढ्याशा गाडग्यात.
भावकी दादाला टोचून खातीय. दहाव्याच्या आत पाण्यात सोडायचं सोडून झाडावर टांगत्यात व्हय? दादा म्हणला, "आण्णांनी सांगितलंय. जुन्या गावात, आपल्या उंबऱ्यापाशी, आन धाकट्याच्या हातनं. मे सरता सरता पाणी हटतंय. तवर ये. एकदा पाणी चढलं की गेलं वरीस."
कोयनेच्या धरणात गाव गेलं तवा आण्णा सहा वर्षांचे. तिथनं उचललं आन विट्याकडच्या माळावर आणून टाकलं. दर उन्हाळ्यात एस्टीनं जायचे. चिखल तुडवत उंबऱ्याच्या दगडावर जाऊन बसायचे, भाकरी खायची, की परत. मला एकदाच नेलं. मी मोबाईल बघत बसलो होतो.

१५ एप्रिल, मंगळवार
साहेबाकडं गेलो. रजा. साहेब म्हणला धरणाचं गेट पडल्यावर. पासपोर्ट कंपनीकडं, तो पण तेव्हाच.
गेट कधी? खालचं गाव रिकामं झालं की.
घरं तर जवळजवळ सगळी उठली. कबरी पण वर टेकडीवर नेल्या. एकच राहिलीय, तिचा मालक हलत न्हाई. नाव साहेबानं सांगायच्या आधीच मला ठाऊक. अबाह कार्सा.

२० एप्रिल, रविवार
सुट्टी. खाली त्या गावात, चिरावात उतरलो. दीड वर्षं हितं बोगद्यात ड्रिल मशीन चालवतोय, पण गावात अशी शांतता कधी न्हवती. पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, तिच्यात कुणी लावणी केलेली न्हाई. प्रत्येक घरामागं माशांचं तळं असतं. तळी तशीच, घरं गायब. बांबूच्या भिंती, फळ्या, कौलं, सगळं डोक्यावरनं वर नेलं. आपल्या लोकांनी पण असंच नेलं असणार. आण्णा सांगायचे, आज्जीनं जातं उचललं आन देव विसरला.
अबाहचं अर्धं घर उभं. म्हाताऱ्या बाला हितले लोक अबाह म्हणतात. त्याच्या खानावळीत मी पहिल्यापासनं जेवतो. भात, खारा मासा, मिरचीचा ठेचा. ठेचा बघून पहिल्या दिवशी रडू आलेलं, तिखटानं म्हणून सांगितलं.
बायकोची कबर घरामागं चाफ्याखाली. आपल्यात चाफा देवळापुढं, ह्यांच्यात कबरीवर.
"अबाह, कधी हलवायची?"
"असेप येऊ दे. आईला मुलानंच उचलावं."
असेप मलेशियात पामच्या मळ्यात.
"कधी येणार तो?"
"सुट्टी मिळाली की."


२३ एप्रिल
खंडाळ्याचा विज्या माझ्याच खोलीत राहतो. त्याला सांगितलं. म्हणला, "गड्या, तुझा बा झाडाला लटकलाय, त्याची बायकू मातीत अडकलीया, आन मधी आपलं गेट. तुझं कायतरी इचित्रच असतंय."
हसलो. मग मोरीत जाऊन नळ सोडून बसलो.

२७ एप्रिल, रविवार
आज लिहूनच टाकतो. आण्णांशी शेवटचा व्हिडिओ कॉल अबाहच्या खानावळीतनंच लावला होता. संध्याकाळ होती. आण्णा म्हणले, "धरान बांधताय म्हंजे खाली गाव असंल की रं."
मी म्हणलो, "न्हाई आण्णा. नुसतं रान हाय. माकडं हायत."
फोन कानाजवळ नेला. मग म्हणले, "बरं. जेवत जा."
आठवीत नापास झालो तेव्हा पण पास म्हणून सांगितलं होतं. ते पकडलं होतं. हे न्हाई पकडलं.

४ मे, रविवार
साहेबानं बोलावलं. तुला त्यांची भाषा येते, म्हाताऱ्याचं तूच बघ. ज्या दिवशी कबर हलेल त्या दिवशी तुझ्या रजेवर सही.
म्हणलो, मी दलाल न्हाई.
खोलीवर आलो तर दादाचा मेसेज. होडीवाला म्हणतोय देवळाचा चौथरा उघडा पडलाय. आठ दिवसांत उंबरा दिसंल.

६ मे, मंगळवार
गेलो.
अबाह मासे साफ करत होता. त्याला सगळं सांगितलं. आण्णा, कोयना, उंबरा, गाडगं. साहेबाचं सोडून सगळं.
त्यानं विचारलं, "तुझा भाऊ तुझ्यासाठी थांबलाय?"
"व्हय."
"आणि मी माझ्या मुलासाठी थांबू नको?"
उरलेले मासे त्यानं साफ केले. पाणी ओतलं. बदकं धावत आली. मग माझ्याकडं न बघता म्हणला, "कोणाचा तरी मुलगा पाहिजे. तू आहेस."
नको म्हणायला पायजे होतं. मान डोलावली.

९ मे, शुक्रवार
सकाळी काढलं. मशिदीचे इमाम आले होते. मी म्हणलो मी हिंदू, चालंल का? ते म्हणले हात धुऊन ये.
खडक फोडणारा माणूस मी, आज नखांनी माती उकरली. कापड कुजलेलं. दोन लांब हाडं, थोडे दात. बाकी काळी माती. मी हाडं तेवढी घेत होतो तर अबाह म्हणला, "माती पण घे. तीच आहे ती."
पांढऱ्या कापडात गुंडाळून छातीशी धरून टेकडी चढलो. नव्या खड्ड्यात ठेवली. चाफ्याची फांदी खोचली.
मग खाली नदीवर जाऊन कपड्यासकट अंघोळ केली आणि कॅम्पची वाट धरली. मागनं अबाह हाका मारत होता. मी वळलो न्हाई. आपल्यात मागं बघत न्हाईत. नंतर विज्या म्हणला, "आरं, म्हातारा ताट घिऊन हुबा हुता. त्यांच्यात माती दिल्यावर जेवाय घालत्यात. तुला वाटलं काय, भूत हाका मारतंय?"

११ मे, रविवार
सही झाली. २२ ला गेट, २५ चं तिकीट.
दादाला फोन केला. गाव होतं ते पहिल्यांदाच सांगितलं. कबरीचं पण. दादा म्हणला, "आण्णांना ठावं हुतं."
"काय ठावं?"
"त्या दिशी तुझा फोन ठेवल्यावर म्हणलं, रान म्हणतंय येडं, आन मागनं मशिदीची बांग ऐकू येतीया. रानात कोण बांग देतंय?"
"मग मला का न्हाई बोललं?"
"म्या पण तेच इचारलं. म्हणलं, पोटासाठी गेलंय पोरगं. फोनवर कशाला लाजवायचं."

१२ मे
कामावर गेलो न्हाई.

१६ मे, शुक्रवार
अबाहकडं जेवाय गेलो. त्या दिवशी का वळलो न्हाई ते सांगितलं. म्हातारा पहिल्यांदा हसला. "मला वाटलं तू रागावलास." मग साहेबाचं पण सांगितलं, सहीचं. हसणं थांबलं. तरी भात वाढला. आणखी वाढू का विचारलं न्हाई. रोज विचारतो.

२१ मे, बुधवार
असेप आला.
सुट्टी मिळाली त्याला. बाला न कळवता आला, चकित करायचं म्हणून. माझ्याच वयाचा, माझ्यासारखीच बॅग, चिकटपट्ट्या लावलेली.
भांडण करंल वाटलं होतं. केलं असतं तर बरं. मला मोकळ्या खड्ड्यापाशी घेऊन गेला.
"डोकं कुठल्या बाजूला होतं?"
दाखवलं.
"कसं धरलं होतंस?"
दोन्ही हात पुढं करून दाखवलं. त्यानं तसेच हात केले. तसाच उभा राहिला.
"जड होती?"
"हलकी होती," म्हणलो. "लय हलकी."
तो हात खाली घेईना.

२२ मे, गुरुवार
गेट पडलं. साहेबानं पेढे वाटले. पाणी चढताना दिसत न्हाई. तळी आधी एकमेकांना मिळाली, मग शेतं. संध्याकाळी चाफा गुडघाभर पाण्यात. टेकडीवर बापलेक बसलेले, दुरून दोन ठिपके. मी वर गेलो न्हाई.

२३ मे, शुक्रवार
पासपोर्ट हातात मिळाला. बॅग भरली.
दुपारी दादाचा फोन, जुन्या गावातनंच. वरच्या अंगाला वळीव लय झालाय, ओढे भरून आल्यात. "पाणी उंबऱ्यापासनं दोन हात ऱ्हायलंय. होडीवाला म्हणतोय परवापतुर उंबरा दिसायचा न्हाई. गाडगं संगं घिऊनच आलूय. सोडू का थांबू? तुझ्या तोंडानं सांग. मी मागनं बोल लावणार न्हाई."
म्हणलो, पाच मिनिटं दे, मेसेज करतो.
लिहिलं, सोड दादा. पुसलं. लिहिलं, थांब, मी येतोय. ते पण पुसलं. असेपचे हात डोळ्यापुढनं जाईनात. आमच्या दोघांतल्या एकाला तरी आपल्या माणसाला आपल्या हातानं पोचवता यावं.
दादा काहीतरी टाइप करतोय. थांबतोय. परत करतोय.
आण्णांना झाडावरनं उतरवलं तेव्हा हाताला जड लागले का, ते विचारायचं राहिलं.