शुक्रवारची गोळी

आबा, तुला लिहायला फार उशीर झाला, राग धरू नकोस. माझी शाळा अर्धीच राहिली, हात चालत नाही, पण सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. माझ्या पोराला तुझाच आजार निघालाय. टीबी. जासईला कंटेनरच्या यार्डात तो कामाला आहे. दवाखान्यातून गोळ्या मिळाल्यात, रोज घ्यायच्या. मी विचारतो, घेतलीस का? तो म्हणतो, "बाबा, टेन्शन नको घेऊ." घेतली, असं काही म्हणत नाही.

मला तुझे ते दिवस दिसतात. शेतं सरकारने घेतल्यावर पावणे गावातल्या कंपनीत तू कामाला लागलेलास. गोळी सुरू झाली आणि लघवी लाल होऊ लागली. रंग गोळीचाच आहे, घाबरू नका, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. पण कंपनीत शेडमागच्या गटारावर सगळे लघवीला शेजारी शेजारी उभे राहायचे. तिथे एकजण ओरडला, "काय रं, रंगपंचमी खेलून आलास काय?" सगळे हसले. त्या दिवशी घरी येऊन तू जेवला नाहीस. आईला म्हणालास, "कंपनीत कोनाला कलला त काम जाल माजा." तेव्हापासून तू गोळी फक्त शुक्रवारी घ्यायचास, कंपनीला सुट्टी असायची म्हणून. आई चिडायची, "सनाचा गोड हाय का तो, सुट्टीला खायाला?" तू हसायचास. खोकला कमी झालेला, अंग भरलेलं, तुला वाटलं शुक्रवार पुरतो. दवाखान्यात विचारलं की रोज घेतो म्हणून मान हलवायचास. मग एका सकाळी खोकताना ओटीवर रक्त पडलं, आणि त्यानंतर कुठलंच औषध तुला लागू पडलं नाही.

डॉक्टर आजही म्हणतात, लोक विसरतात, आळस करतात. तू तर एकही शुक्रवार विसरला नाहीस.

काल पोराचा यार्डातला मित्र भेटला. कामावर पोराची तब्येत कशी असते, असं मी विचारलं तर तो म्हणतो, "त्याला काय झालंय काका? एकदम फिट हाय." म्हणजे यानेही तिथे कोणाला सांगितलेलं नाही. आता तो न्हाणीघरातून आला की मी लगेच आत जातो, रंग दिसतो का बघायला. पाणी ओतलेलं असतं. समोर बसवून विचारायची हिंमत होत नाही, आबा. नाही म्हणाला तर पुढे काय बोलायचं, ते मला ठाऊक नाही.

हे पत्र कुठे टाकायचं तेही कळत नाही. तरी सांग, आम्ही तुला काय म्हणायला हवं होतं, म्हणजे तू रोज गोळी घेतली असतीस? दुपारच्या पाळीला तो निघेल. त्याच्या आत कळव.