धुतलेल्या इंजिनाचा धूर

प्रति,
मा. धूर तपासणी अधिकारी साहेब,
जिल्हा कार्यालय, चंद्रपूर.

विषय : आरा मशीनवरील रोजच्या डिझेलचा धूर आगाऊ न कळवता येऊन तपासणेबाबत.
संदर्भ : फेरतपासणीची तारीख कळविणारे आपले पत्र.

महोदय,

अर्जदार सोमाजी हा पोंभुर्ण्याजवळील लाकूड कापायच्या आरा मशीनवर इंजिन चालवतो व मालकाच्या हुकुमानुसार इंजिनाला लागूनच्या खोलीत पत्नी सत्यशीला हिच्यासह राहतो. धुराच्या नळीचे तोंड त्यांच्या खिडकीकडे आहे. सत्यशीलेचे पोट दोनदा पडले. आता तिला पुन्हा दिवस गेले आहेत. खोली बदलून मागितली की मालक धूर निर्धोक असल्याचा रिपोर्ट दाखवतात.

१. तो रिपोर्ट कसा आला, हे साहेबांच्या कानी घालणे भाग आहे. दसऱ्याला अर्जदार रजा घेऊन दीक्षाभूमीवर गेला होता. मागे मुकादम बापूराव यांनी पूजेसाठी इंजिन धुतले, जळके ऑइल मिसळलेले रोजचे डिझेल उपसले आणि मालकाच्या जीपचे शुद्ध डिझेल भरले. सणाला इंजिनाच्या पोटातही चांगलेचुंगले जावे, अशी येथली रीत. बापूरावांच्या मनात कावा नव्हता.

दुसऱ्या दिवशी अर्जदार परतला, तो तपासणीसाठी आलेल्या नागपूरच्या प्रयोगशाळेतील बाई नळीतली काजळी खरवडत होत्या. ही काजळी बारीक जंतूंवर टाकून त्यांचे बीज बिघडते का ते पाहतात, बिघडले तर धूर माणसालाही घातक, आणि तेल जसे तशी काजळी, असे त्यांनी समजावले. अर्जदाराने मान डोलावली. तेल बदलल्याचे त्याला संध्याकाळी कळले; तोवर बाईंची गाडी गेली होती.

२. रिपोर्टात जंतूंचे बीज शाबूत निघाले. मालकांनी तो काचेत मढवून इंजिनापाशी टांगला. महिनाभरात काच इतकी काळी झाली, की धूर निर्धोक असल्याचे आता वाचता येत नाही. ही बाब मालकांना दाखवली असता त्यांनी काच पुसण्याचे काम अर्जदाराकडेच दिले.

३. साहेबांनी फेरतपासणी मंजूर केली, याबद्दल अर्जदार ऋणी आहे. परंतु तारखेची प्रत मालकांनाही गेली. आदल्या दिवशी इंजिन धुऊन जीपचे डिझेल भरण्याचा हुकूम अर्जदारालाच झाला आहे. न भरावे तर नोकरी जाते, भरावे तर पुन्हा जंतू शाबूत निघतात. आपले पत्र वाचून दाखवले तेव्हा सत्यशीला एवढेच म्हणाली, "धूर रोज येते. साहेब तारीख धाडून येते."

तरी साहेबांनी अवचित यावे. ते जमत नसल्यास बाळंतपण होईपर्यंत दुसरी खोली देण्याचा शब्द मालकांकडे टाकावा. अर्जदाराला यापलीकडे काय मागावे ते सुचत नाही.

आपल्या दयेवर विसंबलेला,
सोमाजी, इंजिनवाला
दि. ४ डिसेंबर १९८६

सोबत : अर्जदाराचा कामावरचा दुपट्टा, दिवाळीपासून वापरातला, तपासणीसाठी. कृपया धुवू नये.