दोघांनी बघायचं पुस्तक

बाबा, तुमचं तापीचं पुस्तक अजून माझ्याकडे आहे. लोखंडी कपाटात, आईच्या शालूखाली, कडुनिंबाच्या पाल्यात. तुम्ही छपाईच्या कारखान्यात साड्यांची नक्षी काढायचात. रंग नीट उतरतोय का हे बघायला छापलेले तलम कापडाचे तुकडे घरी आणायचात आणि रविवारी स्वयंपाकघरात बसून त्यांवर स्वतःसाठी तापी नदी रंगवायचात. त्या तुकड्यांचं पुस्तक बांधताना पुठ्ठे चिकटवायला आई खळ शिजवायची. कसर लागू नये म्हणून तुम्ही त्यात मोरचूद टाकायला गेलात तेव्हा ती केवढ्यांदा ओरडली होती, "अहो, उद्या याच पातेल्यात वरण लावू का मी?"

"लाव की. पोरीच्या पोटातले जंत तरी मरतील."

दोन दिवस ती तुमच्याशी बोलली नाही. खळ मात्र शिजवून दिली, गंजक्या डब्यात.

मग आठवतं ते, मी लहान, खिडकीशी उभी आहे. तुम्ही दोन्ही पुठ्ठे धरून पुस्तक उजेडासमोर उंच केलंय आणि पानं मी उलटतेय. कापड इतकं तलम की या पानावरच्या नदीत पुढच्या पानावरची होडी धूसर दिसते, पान उलटलं की जवळ येते. अक्षर एकही नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ओळीखाली बोट ठेवून वाचायला लावायच्या, त्यामुळे मी विचारते, "बाबा, गोष्ट कुठे लिहिलीय?" तुम्ही म्हणता, "उलट तू. हात दुखतायत माझे."

एकदा घरी कोणी नसताना मी ते गॅलरीतल्या दोरीला चिमट्यांनी अडकवलं आणि एकटीच बघत बसले. तुम्ही कामावरून आलात आणि दारातूनच कडाडलात, "पुस्तक काय वाळत घालतेस? कोणाला तरी हाक मारायची!" एवढं चिडलेलं तुम्हाला मी पुन्हा कधी पाहिलं नाही. एकट्याला बघता येऊ नये, असंच तुम्ही ते बांधलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

आता तुमच्या बमरोलीच्या कारखान्यांत सुद्धा साडीची नक्षी कॉम्प्युटरवर काढतात म्हणे. तुमची नात, जिला तुम्ही पाहिलं नाहीत, बंगळूरला सीडी बनवणाऱ्या कंपनीत आहे. दिवाळीला आली तेव्हा पुस्तक मांडीवर घेऊन म्हणाली, "आई, शिलाई उसवून एकेक पान स्कॅन करते. सीडीवर घातलं की पडद्यावर होडी खरंच चालेल बघ."

"आणि परत शिवणार कोण?"

"शिवायचं कशाला? अगं, एकच तर प्रत आहे. उद्या कसर लागली तर? आजोबांचं काम कोणी बघितलंच नाहीये."

तिचं चूक नव्हतं. पडद्यावर चालणारी होडी बघायला तुम्ही तर खुर्ची ओढून सगळ्यांच्या पुढे बसला असतात. तरी मी म्हटलं, "आजोबांच्या हातची शिलाई आहे. मी उसवू देणार नाही." ती "ठीक छे" म्हणाली. मनाला लागलं की ती गुजरातीत बोलते.

खरं तर तुमची शिलाई केव्हाच कुजली होती. आताची माझ्या हातची आहे. पण सीडी झाली की ती तिकडे एकटीच बघेल. इथे आली की ती पुस्तक धरते, मी पानं उलटते, आणि तेवढा वेळ आम्ही खिडकीशी खांद्याला खांदा लावून उभ्या असतो. तिचे बाबा गेल्यापासून या घरात माझ्या एवढं जवळ कोणी उभं राहत नाही. हे तिला सांगता आलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण हे कुठल्या टपालात पडणार नाही.

अजून एक. काल दुपारी मी ते पुस्तक पुन्हा दोरीला अडकवलं, तसंच, चिमट्यांनी. पहिलं पान उलटलं आणि दाराकडे बघितलं. हाक मारायला कोणी नव्हतं, म्हणून लिहायला बसले.