नांदुऱ्याचा खासदार

सिस्टर,

आज रागातच लिहायला बसले आहे, आणि माझा राग न घाबरता ऐकून घेणारं माणूस म्हणून तुम्हीच आठवलात. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली! तुमची कबर मंगळूरकडे कुठेशी आहे एवढंच ठाऊक आहे, मी ती पाहिलेली नाही. पण वर्गात मी तणतणायला लागले की तुम्ही खडू खाली ठेवायचात आणि म्हणायचात, "बोल, संपेपर्यंत बोल." असं आता कुणी म्हणत नाही. एकट्या राहणाऱ्या निवृत्त बाईचा राग लोकांना रक्तदाबाचा प्रकार वाटतो. "गोळी घेतली का?" असं विचारतात आणि निघून जातात.

झालं ते असं. दुपारची एक गाडी नांदुऱ्याला थांबत नाही, फलाटावरची धूळ उडवत निघून जाते. ती थांबली तर अकोल्याला शिकणाऱ्या पोरींची, दवाखान्यात जाणाऱ्या बायकांची सोय होईल. म्हणून आमच्या गल्लीतल्या बायकांनी खासदारांकडे थांबा मागायचं ठरवलं. बैठक माझ्या शेजारणीच्या ओट्यावर. ती शिवणकाम करते, त्यामुळे गल्लीतले सगळे ब्लाउज आणि सगळ्या बातम्या तिच्याकडे येतात. मला बोलावणं नव्हतं. मी अंगणात कपडे वाळत घालत होते आणि कानावर आलं की जीप करून बुलढाण्याला जायचं. मला राहवलं नाही. म्हटलं, "बुलढाण्याला जाऊन काय उपयोग? आपला खासदार तिथला नाही. आपण रावेरमध्ये येतो."

"रावेर? थे तं खानदेशात आहे न, मॅडम," शेजारीण म्हणाली.

"हो, आहे."

"आपुन बुलढाणा जिल्ह्याचे न?"

"हो, आहोत."

"मंग आपला खासदार खानदेशातला काऊन राहीन?"

एक म्हातारी मध्येच म्हणाली, "मी तं दर वक्ती इथल्याच शाळेत मत टाकतो बाई. रावेरले कोन गेलं?" सगळ्या हसल्या. सिस्टर, तिथे मी थांबायला हवं होतं. मतदारसंघ नव्यानं आखले तेव्हा नांदुरा आणि मलकापूर हे दोन तालुके पलीकडे जोडले, जिल्हा एक आणि खासदार दुसरीकडचा असं झालं, हे शांतपणे सांगता आलं असतं. मी म्हटलं, "मत देताना मतदारसंघाचं नाव वाचता, की नुसती बोटाची शाई मिरवायला जाता?" हसणं बंद झालं. दोन दिवसांनी त्या भल्या सकाळी बुलढाण्याला गेल्या. मला न सांगता.

त्या दिवशी रिकाम्या गल्लीकडे बघत बसले असताना तुमचा नागरिकशास्त्राचा तास आठवला. बाकं ओढून तुम्ही लोकसभा मांडता आहात, प्रत्येक राज्याला त्याच्या खासदारांइतके चिंचोके मोजून देता आहात. आमच्या बाकावर महाराष्ट्राचे पंचेचाळीस. (पुढे ते अठ्ठेचाळीस झाले, आणि माणसं कितीही वाढली तरी आजवर तेवढेच राहिले. आता जागा पुन्हा मोजायच्या म्हणताहेत, आणि कुठल्या राज्याच्या वाढणार, कुठल्या राज्याचं वजन कमी होणार यावर पेपरांत रोज भांडण असतं. तुम्हाला ते वाचायला आवडलं असतं.) तुम्ही फळ्यावर नकाशा काढलात आणि सांगितलंत, "पहिल्या निवडणुकीत तुमचा भाग मध्य प्रदेशात होता, बुलढाणा आणि अकोला मिळून एकच मतदारसंघ, आणि त्यातून दिल्लीला माणसं दोन, त्यातलं एक राखीव जागेवरचं. दुसऱ्या निवडणुकीला तुम्ही मुंबई राज्यात आलात, तिसरीला महाराष्ट्रात. तुमच्या वडिलांनी घर न हलवता तीन राज्यांचे खासदार निवडले." मग तुम्ही नकाशाच्या अगदी खालच्या टोकाला खडू टेकवलात. "माझं गाव मद्रासमधून म्हैसूरमध्ये गेलं. मी तेव्हा इथे तुमच्या वह्या तपासत होते." तेव्हा आम्ही हसलो. तुम्ही हसत नव्हतात, हे मला आत्ता दिसतं.

त्या दिवशी मी महाराष्ट्राच्या बाकावरून भाषण ठोकलं. वऱ्हाडावर अन्याय, कापूस, दिल्ली, सगळं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. तुम्ही म्हणालात, "छान बोललीस. आता तुझ्या बाकावरच्या मुलींना काय हवं होतं ते सांग." मी पुन्हा कापसापासून सुरुवात केली. माझ्या शेजारी बोर्डिंगमधली वरवट बकालची मुलगी बसायची. बौद्ध घरातली, वर्गात माझ्याहून हुशार, आणि मला न भिणारी ती एकटीच. ती उठून म्हणाली, "हिले काय इचारता, सिस्टर? हे घरी देवालेबी बोलू देत नसन!" तुम्ही तोंडावर रुमाल धरलात, पण खांदे हलत होते. मग तुम्ही मला संपूर्ण तास न बोलता ऐकायची शिक्षा दिलीत. त्या मुलीनं उठून सांगितलं की तिच्या आज्याला पहिल्या निवडणुकीत दोन मतं होती, आणि आपल्यातलाही एक माणूस दिल्लीला जाणार म्हणून तो नवं धोतर नेसून गेला होता. फळ्यावरचा मतदारसंघ तेव्हा पहिल्यांदा मला माणसांचा वाटला. तिचं पुढे काय झालं ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला कुणी उरलेलं नाही.

पुढे मी बाराखडी शिकावी तसे कायदे शिकले, टेलिफोन खात्यात वरिष्ठांशी इंग्रजीत भांडले, बहुतेक भांडणं जिंकले. जिंकल्यावर जेवणाचा डबा एकटीनं खाल्ला. तुम्ही हे शिकवलं नव्हतंत, मीच माझं शिकले.

काल संध्याकाळी शेजारीण आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"मॅडम, तुमचं खरं निंघालं. राजूर घाट चढून गेलो, त्या हापिसातल्या मानसानं च्या पाजला अन् नीट समजावून सांगतलं का तुमी रावेरले या. आता रविवारी तिकडं जाऊन राह्यलो. येता का?"

मी म्हटलं, "आता आठवण झाली माझी?"

"आठवन कायची? तवाबी गाडीत तुमच्यासाठी जागा ठेवली होती. पन तुमी असं टोचून बोलल्या, बलवाले याची कोनाची हिंमतच नाई झाली." मग म्हणाली, "ते म्हातारी सारा घाटभर तुमच्यावानी बोलून दाखवत होती. लय हसलो आमी."

मी म्हटलं, "बघते." ती गेली.

मला राग त्या नकलेचा आलेला नाही, सिस्टर. राग आला तो त्या गाडीत मी नव्हते याचा. माझीच नक्कल, आणि मलाच ऐकायला मिळाली नाही. राजूर घाट मी कितीदा चढले असेन, एसटीत खिडकीशी, मांडीवर पर्स आणि शेजारी अनोळखी माणूस. बायकांनी भरलेल्या गाडीत कधीच नाही.

उद्या रविवार. मलकापूर, मुक्ताईनगर करत त्या जातील. खासदारसाहेबांसमोर कोण बोलणार ते मी विचारलेलं नाही. शेजारीण बोलेल, तिनं गल्लीतल्या एकेकीला काय हवं ते विचारून ठेवलंय. दुपारची गाडी इथे थांबली काय किंवा न थांबली काय, मला त्या गाडीनं कुठेच जायचं नाही. अकोल्यात माझं आता कुणी नाही, पुढच्या कुठल्या स्टेशनावरही नाही. मला फक्त त्या जीपमध्ये दाटीनं बसायचं आहे, कुणाचं तरी कोपर बरगडीत लागेल असं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. साडीला इस्त्री करून ठेवली आहे. शेजारणीच्या घरात अजून दिवा आहे, मशीनचा आवाज येतो आहे. जाऊन "येते" एवढंच म्हणायचं आहे, आणि ते जमत नाही म्हणून मी संध्याकाळपासून तुम्हाला लिहीत बसले आहे.